भय आणि भयानक

भय ही वस्तू मनुष्यास प्रिय नाही; आणि तरीही मनुष्य पदरचा पैसा खर्चून ती विकत घेतो, ही विसंगती आजची नव्हे. दिवेलागणीनंतर आजीच्या पांघरुणात शिरून ब्रह्मराक्षसाची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरणारे मूल, नारायण धारपांची भयकथा मध्यरात्री हातावेगळी करणारा वाचक, चित्रपटगृहाच्या अंधारात डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून पडद्याकडे पाहणारी मुलगी, ही सारी एकाच कुळीची माणसे होत. त्यांना भय हवे असते, आणि ते मिळाले म्हणजे ती तृप्त होतात. अलीकडे मात्र ह्या कुळीत एक निराळा मनुष्य दिसू लागला आहे. त्यालाही भय हवे असते. किंबहुना इतरांहून अधिकच हवे असते. परंतु ते समोर येऊन उभे राहिले की त्याला ते सोसवत नाही. तो अर्ध्यावरून उठतो, यंत्र बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कथेविषयी हळहळत बसतो.

हा मनुष्य बहुधा तरुण असतो, आणि जे त्याला सोसवत नाही ते म्हणजे संगणकावर खेळले जाणारे भयाचे खेळ. मुले त्यांना 'हॉरर गेम' म्हणतात. त्याचे गाऱ्हाणे ऐकून घरातील वडील माणसे दोनपैकी एक उत्तर देतात. एक म्हणजे, भीती वाटते तर खेळतोस कशाला. आणि दुसरे म्हणजे, एवढा मोठा झालास आणि चित्राला भितोस? पहिल्या उत्तरात त्याची इच्छा नाकारली जाते, दुसऱ्यात त्याची भीती. वस्तुतः त्याच्यापाशी इच्छा आणि भीती ह्या दोन्ही आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. म्हणूनच हा प्रश्न पोरवयाचा चाळा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या रसशास्त्राने आणि वेदान्ताने ज्यावर शतकानुशतके खल केला, अशा काही गोष्टी येथे एका लहान खोलीत, एका पडद्यासमोर, पुन्हा उपस्थित झाल्या आहेत.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्यांचे व घुबडांचे भय, ओसाड घर, अरण्य, आप्तांचा वध किंवा बंधन पाहणे अथवा ऐकणे. ही यादी वाचून आजच्या खेळांकडे वळावे, तर जणू ती समोर ठेवूनच ते रचले असावेत असे वाटते. जपानमधील कॅपकॉम ह्या कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' हा खेळ 1996 साली आला. त्यात रानातील एक प्रशस्त, निर्जन वाडा आहे. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना पडदा काळा होतो आणि एक दार सावकाश उघडताना दिसते. पुढील दालनाचे चित्र सिद्ध करण्यास यंत्राला जो वेळ लागे तो झाकण्यासाठी ही योजना होती. पण खेळणाऱ्याच्या छातीत त्या दारानेच धडकी भरविली. 1999 सालच्या 'सायलेंट हिल' ह्या दुसऱ्या जपानी खेळात सारे गाव धुक्याने भरलेले आहे. दूरवरची दृश्ये रेखाटण्याची शक्ती त्या काळच्या यंत्रात नव्हती, ती उणीव धुक्याने झाकली. नायकाजवळ खिशात मावणारा एक रेडिओ असतो. विकृत प्राणी जवळ आला की तो खरखरू लागतो. दिसत काही नाही, ऐकू मात्र येते. विकृत आवाजाला भरताने विभावांत पहिले स्थान का दिले असावे, हे तो रेडिओ ऐकल्यावर सांगावे लागत नाही.

विभावांमागून अनुभाव येतात. हातापायांस कंप सुटणे, डोळे भिरभिरणे, अंगावर काटा येणे, तोंडाचा रंग उडणे, स्वर बदलणे. भरताने हे अनुभाव सांगितले ते नटाने रंगभूमीवर अभिनयाने दाखवावेत म्हणून. येथे मात्र ते खेळणाऱ्याच्याच अंगावर, अभिनयाचा लवलेश नसता, उमटतात. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, आणि त्याच्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

तत्पूर्वी एक शंका. पडद्यावर आहे ते चित्र, त्याला दात नाहीत, नखे नाहीत. हे खेळणाऱ्यास पक्के ठाऊक असते. मग तो भितो कसा? आपल्या वाचकांस रज्जुसर्पाचा दृष्टांत कीर्तनातून, प्रवचनातून पाठ आहे. अंधारात दोरी सापासारखी दिसली, मनुष्य भ्याला. दिवा आणला, दोरी दिसली, भय गेले. ज्ञानाने भयाची निवृत्ती होते, हा त्याचा इत्यर्थ. आणि हा तरुण तर दोरी ही दोरीच आहे हे जाणूनच बसलेला आहे! अमेरिकन तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन ह्यांनी 1978 साली असा विचार मांडला की कथेतील वा चित्रपटातील संकटाने वाटणारे भय हे खरे भय नव्हेच. कारण प्रेक्षक खुर्ची सोडून पळत नाही, शेजाऱ्यास सावध करीत नाही. युक्तिवाद चतुर आहे. परंतु तो चित्रपटगृहातील प्रेक्षकावरून केलेला आहे. आमचा तरुण तर पळतो. तो कानांवरील ध्वनियंत्र काढून फेकतो, खोलीतील दिवा लावतो, आईच्या खोलीत जाऊन उगाच पाणी पितो. ह्याला खोटे भय म्हणणे कठीण आहे.

मला ह्याबाबतीत पाश्चात्त्य तत्त्वज्ञापेक्षा आपले विद्यारण्यस्वामी अधिक जवळचे वाटतात. चौदाव्या शतकात शृंगेरीच्या पीठावर असलेल्या ह्या आचार्यांच्या पंचदशीत, तृप्तिदीप नावाच्या प्रकरणात, रज्जुसर्पाचा दृष्टांत एक पाऊल पुढे नेलेला आहे. दोरीचे ज्ञान झाले तरी अंगाचा कंप तत्काळ थांबत नाही, तो हळूहळूच शमतो. आणि पुन्हा मंद अंधारात तीच दोरी टाकली तर ती पुन्हा सापच भासते. आचार्यांनी हे ज्ञानी पुरुषाच्या प्रारब्धभोगाविषयी सांगितले आहे, खेळाविषयी अर्थातच नव्हे. पण भयाचे खेळ रचणारा कारागीर नेमके हेच करतो. तो मंद अंधार निर्माण करतो आणि दोरी पुन्हा पुन्हा टाकतो; कंप शमण्यास जो अवधी लागतो तो मिळूच देत नाही. खेळणाऱ्याच्या बुद्धीस ज्ञान आहे, शरीरास ते पोचावयाचे आहे, आणि त्या दोहोंमधील अंतरात हा सारा व्यापार चालतो. तेव्हा 'चित्राला भितोस?' ह्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, ज्ञान झाल्यावरही कंप राहतो हे वेदान्ताने मान्य केलेले आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता रसाकडे वळू. भयातून आनंद व्हावयाचा तर भयाचा रस व्हावा लागतो, आणि भय व भयानक ह्या दोन वस्तू एक नव्हेत. हा भेद अभिनवगुप्ताचार्यांनी जितक्या सूक्ष्मपणे उलगडला तितका क्वचितच कोणी उलगडला असेल. इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या आसपास काश्मिरात होऊन गेलेल्या ह्या आचार्यांनी उदाहरण घेतले ते कालिदासाच्या शाकुंतलातील पहिल्या अंकातील हरिणाचे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरिण मान वळवून वळवून मागे पाहत धावते आहे, धापेने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडते आहे. हे पाहताना रसिकास भय प्रतीत होते. पण 'मी भ्यालो' असे त्याला वाटत नाही. 'हे अमुक हरिण भ्याले' असेही नाही. 'माझा शत्रू', 'माझा मित्र', 'आज', 'येथे' ही सारी विशेषणे गळून पडतात आणि देशकालाच्या बंधनातून सुटलेले केवळ भय उरते. ते भय आस्वाद्य होते. ज्या क्षणी 'मी' आणि 'माझे' त्यात शिरले त्या क्षणी रस गेला. मग मनुष्य पळण्याचा किंवा लपण्याचा विचार करू लागतो. रसाच्या आड येणारी जी सात विघ्ने अभिनवगुप्तांनी सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे.

बडोद्याच्या वाचकांस येथे एका जुन्या प्रसंगाचे स्मरण व्हावे. 1921 साली त्या नगरीत भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर ह्यांनी काव्यानंदाची उपपत्ती 'सविकल्प समाधी' ह्या शब्दांत मांडली. वाचक कथेतील पात्राशी समरस होतो, तथापि आपण वाचक आहोत हे भान सोडीत नाही. समाधी आहे, पण विकल्प शाबूत आहे. ह्या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु आपल्या प्रस्तुत प्रश्नासाठी ती दोन पदे फार सोयीची आहेत. भयाचा खेळ रचणारा समाधी गाढ करीत जातो आणि विकल्पाचा धागा एकेक पीळ उकलीत जातो. काहींच्या हातात तो धागा शेवटपर्यंत राहतो. काहींच्या हातून तो पहिल्या अर्ध्या तासातच सुटतो.

हे खेळात इतके सहज का घडते आणि नाटकात का घडत नाही? माझ्या मते ह्याचे कारण असे. आपल्या रसचर्चेत तीन व्यक्ती स्पष्टपणे वेगळ्या आहेत. ज्याची कथा आहे तो अनुकार्य, जो ती करून दाखवितो तो नट, आणि जो पाहतो तो सामाजिक. रस नेमका कोणाच्या ठायी, ह्यावर भट्ट लोल्लटापासून वाद झाला; कारण ह्या तीन व्यक्ती निरनिराळ्या होत्या. दशावतारी नाटकात हिरण्यकश्यपू खांबाला लाथ मारतो आणि नृसिंह प्रकटतो, तेव्हा भ्यावयाचे ते हिरण्यकश्यपूने. त्याचे सोंग घेतलेला नट भीत नाही. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक आहे, आणि सकाळी सोंग उतरवून तो चहा पिणार आहे. देवळाच्या प्रांगणात बसलेला सामाजिक भय आस्वादतो. भयाची वाटणी अशी झालेली असल्याने ते कोणा एकावर कोसळत नाही. संगणकाच्या खेळात ह्या तिन्ही व्यक्ती एकाच देहात कोंबल्या जातात. कथेतील संकट ज्याच्यावर आले तो 'मी', त्याचे हातपाय हलविणारा 'मी', आणि पाहणाराही 'मीच'. शिवाय हा नट असा की ज्याला संहिता दिलेली नाही. दार उघडावयाचे की नाही हे त्यानेच ठरवावयाचे, आणि दारामागे काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

कारागिरांस हे मर्म उमगले आहे. 2010 साली स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स ह्या मंडळींनी 'ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट' हा खेळ रचला. एकोणिसाव्या शतकातील प्रशियाचा एक किल्ला, स्मृती हरपलेला एक मनुष्य, हातात कंदील, आणि शस्त्र एकही नाही. राक्षस आला तर पळावे किंवा लपावे, एवढेच. अंधारात राहिले तर नायकाचे मन ढासळू लागते, म्हणून उजेड हवा. उजेडात उभे राहिले तर राक्षसास दिसतो, म्हणून अंधार हवा. आणि राक्षसाकडे टक लावून पाहिले तरीही मन ढासळते. प्रेक्षकाचे काम पाहणे. येथे पाहणेच दंडनीय ठरविले आहे! 2014 सालच्या 'एलियन : आयसोलेशन' ह्या खेळात अंतराळातील एका स्थानकावर एक परग्रहीय श्वापद पाठलाग करते. त्याला मारता येत नाही. कपाटात लपले असता श्वास रोखून धरण्याची सोय आहे, आणि बहुतेक खेळणारे त्या वेळी स्वतःचाही श्वास नकळत रोखतात. झालेली प्रगती जपून ठेवावयाची, तर भिंतीवरील एका यंत्रापाशी उभे राहून काही क्षण वाट पाहावी लागते. तेवढ्यात श्वापद मागून येऊ शकते. विसाव्याची जागासुद्धा निर्भय ठेवलेली नाही.

ह्याच्या शेजारी आपल्याकडील भयाचे उत्सव ठेवून पाहावेत. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री गावोगावी नरकासुर उभे राहतात. विक्राळ डोळे, बाहेर आलेले सुळे, माडाएवढी उंची. लहान मूल ते पाहून बापाच्या मानेला घट्ट मिठी मारते आणि तरीही दुसरीकडे पाहत नाही. त्याला भय वाटते आहे ह्यात संशय नाही; पण बापाचा खांदा आहे, भोवती सारा गाव आहे, आणि पहाटे हा असुर जळणार हे ठरलेले आहे. त्या खांद्यावरच्या मुलाचे भय रसाच्या जवळ गेलेले असते. भयाचा खेळ ह्यांतील प्रत्येक आधार हेतुपुरस्सर काढून घेतो. एकान्त हवा, अंधार हवा, कानांत केवळ त्याच खेळाचा आवाज हवा, आणि शेवट ठाऊक नसावा. मग जो बापाच्या खांद्यावर हसला असता तो येथे रडतो, ह्यात नवल कसले?

गोमंतकीयांस अंतराचे हे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नसावी. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळे पाडली जात असता ज्यांनी आपले देव जुवारीपलीकडे अंत्रुजात नेले, त्यांच्या मनात त्या वेळी भयानक रस नव्हता. निव्वळ भय होते. आज वेलिंगला लक्ष्मीनृसिंहाच्या किंवा मंगेशीच्या सभामंडपात बसून ती कथा ऐकताना अंगावर काटा येतो आणि मन भरूनही येते. घटना तीच, मध्ये साडेचार शतके गेली आहेत.

येथवर आपण असे गृहीत धरले की भिणारा मनुष्य रिकाम्या मनाने खेळावयास बसतो. तसे क्वचितच असते. माझ्या परिचयातील एका कुटुंबातील मुलगा ह्या खेळांचा मोठा शौकीन होता. मित्रांत त्याची छाती दांडगी म्हणून ख्याती होती. पुढे त्याच्या वडिलांस दीर्घ आजार झाला, आणि तीन-चार महिने हा मुलगा रात्रीच्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून असे. रिकामा लांब व्हरांडा, एखादा लुकलुकणारा दिवा, दाराआड यंत्राची टिकटिक, आणि केव्हाही ते दार उघडून कोणी तरी नाव पुकारील ही धास्ती. वडील वारले. वर्षभराने मित्रांनी आग्रह करून त्याला पुन्हा खेळावयास बसविले. पडद्यावर तसलाच एक व्हरांडा आला. तो उठून गेला, आणि त्यानंतर असा खेळ त्याला कधी खेळता आला नाही. मित्रांनी त्याची थट्टा केली. त्यानेही ती हसून सोसली, कारण खरे कारण सांगण्याची त्याला लाज वाटत होती. तो आईला म्हणाला, "मला ती गोष्ट पुरी करावीशी वाटते गं, पण दार दिसलं की पुढं जाववत नाही."

अभिनवगुप्तांचे ते विघ्न ह्या मुलाच्या रूपाने आपल्यापुढे उभे आहे. ज्याच्या पदरी स्वतःचे भय आहे, त्याच्यापुढे उसने भय ठेवले तर ते उसने राहत नाही. ते पदरच्या भयात मिसळून जाते. त्या मुलाचे धैर्य कमी झाले असे कोणी म्हणेल काय? ज्याने चार महिने तो खरा व्हरांडा सोडला नाही, त्याने खोटा व्हरांडा सोडला, एवढेच. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र त्याच्यात आणि निव्वळ हळव्या मुलात फरक दिसत नाही. म्हणून मला वाटते की कोणाच्या भीतीची थट्टा करणे हे केवळ असभ्यपणाचे नव्हे, अज्ञानाचेही लक्षण आहे. त्या भीतीच्या तळाशी काय आहे, हे थट्टा करणाऱ्यास माहीत नसते. कित्येकदा भिणाऱ्यासही नसते.

ह्या बाबतीत आपल्या परंपरेचा एक दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. भय हे स्त्रियांच्या आणि नीच प्रकृतीच्या पात्रांच्या ठायी दाखवावे, असे भरतमुनी म्हणतात. श्रेष्ठ पुरुष भ्याला तर तो देखाव्यापुरता. नाट्यातील संकेत म्हणून हे एकवेळ समजून घेता येईल. परंतु तो संकेत रंगभूमीवरून उतरून घराघरांत शिरला आणि 'पुरुषासारखा पुरुष असून भितोस' हे वाक्य त्यातून निपजले. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हणही आपण फार निष्ठुरपणे वापरतो. जणू ब्रह्मराक्षस मागे लागला हा भिणाऱ्याचाच अपराध!

दुसरा पक्ष असा की, असे खेळ खेळून मन कणखर होते. तेव्हा भिणाऱ्याने नेटाने खेळत राहावे, सवयीने भय जाईल. सवयीने भय जाते हे खरे आहे. पण मागे काय उरते ते पाहावे. शेकडो तास असे खेळ खेळलेला मनुष्य राक्षस समोर आला असता त्याची गती मोजतो, तो किती वेळाने वळेल ह्याचा हिशेब करतो, आणि निर्विकारपणे बाजूने निघून जातो. त्याला भय वाटत नाही, त्याचप्रमाणे रसही लाभत नाही. त्याच्यासाठी तो खेळ पाढ्यांसारखा झाला आहे. इतके झाल्यावर तो अधिक भयंकर खेळ शोधू लागतो, हे बहुतेकांच्या बाबतीत दिसते. जो फार भितो त्याचा रस ग्रासला जातो, आणि जो मुळीच भीत नाही त्याचा रस वाळून जातो. सहृदय म्हणावयाचे ते ह्या दोहोंमध्ये कोठे तरी राहणाऱ्यास, आणि त्यातही मला भिणारा सहृदयतेच्या अधिक जवळचा वाटतो. त्याचे अंतःकरण कल्पिताने हलते. केवळ ते आवरेपर्यंत हलत नाही, इतकाच त्याचा दोष.

आणि कणखरपणा म्हणजे अभय नव्हे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गणनेत अभयाचा मान पहिला आहे. ते अभय कसे असते, हे भागवताच्या सातव्या स्कंधात दिसते. हिरण्यकश्यपूच्या वधानंतर नृसिंहाचा क्रोध शमेना. देव दूर उभे राहिले; साक्षात् लक्ष्मीसही जवळ जाण्याचे धैर्य होईना. तेव्हा ब्रह्मदेवाने प्रह्लादाला पुढे पाठविले. ते पोर पुढे गेले आणि पाया पडले. आपणांस ह्या उग्र मुखाचे, ह्या नखांचे भय वाटत नाही, असे ते म्हणाले. परंतु त्याच श्वासात, संसारचक्राचे मात्र भय वाटते, असेही म्हणाले. प्रह्लादाला राक्षसांची सवय झाली होती म्हणून तो निर्भय नव्हता. समोरचा कोण आहे हे त्याने ओळखले होते. आणि लक्ष्मी मागे राहिली म्हणून कोणी पुराणिकाने तिला भित्री म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

ह्याहूनही अधिक उपयोगी असा दाखला गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहण्याची इच्छा अर्जुनाचीच. त्याने मागितले, त्याला दिव्य दृष्टी मिळाली, त्याने पाहिले. आणि तो थरथर कापू लागला. त्या वेळी तो जे बोलतो त्यात एक विलक्षण प्रामाणिकपणा आहे. पूर्वी कधी न पाहिलेले पाहून मला हर्ष झाला आहे आणि भयाने माझे मन व्याकूळही झाले आहे, असे तो एकाच दमात सांगतो, आणि मग, पुरे, मला ते ओळखीचे रूप पुन्हा दाखव, अशी विनवणी करतो. कुरुक्षेत्रावर उभा असलेला महारथी 'मला हे सोसवत नाही' असे म्हणतो आहे. भगवंत त्याला काय म्हणतात? तूच तर मागितलेस, असे म्हणत नाहीत. थोडा धीर धर, सवय होईल, असेही नाही. ते त्याला भिऊ नकोस म्हणतात आणि सौम्य रूप धारण करून त्या भ्यालेल्याला धीर देतात.

परंतु ते रूप पाहणारा आणखी एक जण होता. धृतराष्ट्राजवळ बसून संजय हे सारे सांगत होता. गीतेच्या अगदी शेवटी तो म्हणतो की, हरीचे ते अत्यंत अद्भुत रूप आठवून आठवून मला मोठा विस्मय वाटतो आणि पुन्हा पुन्हा हर्ष होतो. दृश्य एकच. त्याच दाढा, तीच धगधगती मुखे, त्यांत शिरणारे तेच योद्धे. अर्जुन कापला आणि संजय हर्षित झाला. संजय अर्जुनाहून शूर होता, असे तर कोणी म्हणणार नाही. अर्जुनाच्या हातात धनुष्य होते, त्या मुखांत शिरणारी माणसे त्याची होती, आणि पुढचे पाऊल त्यालाच टाकावयाचे होते. संजयाला फक्त पाहावयाचे आणि सांगावयाचे होते. रसशास्त्राच्या भाषेत अर्जुन हा अनुकार्य, आणि संजय हा सामाजिक.

खेळ न सोसवणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट कोणी न शिकविता शोधून काढली आहे. ते स्वतः खेळत नाहीत. दुसरा खेळत असता त्याच्या पाठीशी बसून पाहतात. थोरला भाऊ खेळतो, धाकटी बहीण उशी छातीशी धरून मागे बसते आणि 'डावीकडे, डावीकडे' म्हणून ओरडते. इंटरनेटवर तर आपला खेळ इतरांस दाखविणारे आणि तो तासन् तास पाहणारे ह्यांचा मोठा समाजच झाला आहे. पुष्कळ लोक ह्याला हसतात. जेवणाऱ्याकडे पाहून पोट भरते काय, असे विचारतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. जेथे तीन व्यक्ती एकात कोंबल्या गेल्या होत्या, तेथे त्यांनी सामाजिकाची जागा पुन्हा वेगळी काढली आणि एका विस्कटलेल्या रंगभूमीची पुनःस्थापना केली. अर्जुनाचे आसन जड झाले, तेव्हा ते संजयाच्या आसनावर जाऊन बसले.

खेळ रचणाऱ्यांपैकीही काहींनी भिणाऱ्यांचे ऐकले. 'ॲम्नेशिया' रचणाऱ्या त्याच मंडळींचा 'सोमा' नावाचा खेळ 2015 साली आला. समुद्राच्या तळाशी एक स्थानक आहे, आणि मनुष्याच्या मनाची नक्कल यंत्रात उतरविली तर ती नक्कल म्हणजे तोच मनुष्य काय, हा त्याच्या कथेचा गाभा आहे. देह आणि देही ह्यांचा विचार बालपणापासून कानावर पडलेल्या आपल्या वाचकांस ती कथा खचित ओढून घेईल. परंतु स्थानकात विकृत प्राणी फिरत असतात, आणि त्यांच्या धास्तीने अनेकांनी कथा अर्ध्यावर टाकली. 2017 साली त्या मंडळींनी खेळात एक पर्याय घातला. प्राणी तेच राहतील, तसेच फिरतील, पण खेळणाऱ्याचा जीव घेणार नाहीत. काही जुन्या खेळाडूंस हे रुचले नाही. भयाचा दंश काढून घेतल्यावर भयाचा खेळ उरतो कोठे, असा त्यांचा आक्षेप. आणि तो अगदीच निराधार नाही. जो त्या पर्यायाने खेळला त्याने निराळी वस्तू अनुभवली, हे मान्य केलेच पाहिजे. सौम्य रूप हे विश्वरूप नव्हे.

परंतु गीतेतील क्रम ध्यानी घेता, सौम्य रूप पाहिल्यानंतर अर्जुन म्हणतो की, आता माझे चित्त ठिकाणावर आले, मी पूर्ववत् झालो. विश्वरूप पाहून तो व्याकूळ झाला होता. हे मानुष रूप पाहिल्यावर, बाराव्या अध्यायाच्या आरंभी, तो पुढचा प्रश्न विचारतो. व्हरांडा न सोसवणाऱ्या त्या मुलास हा दुसरा पर्याय मी कळविला आहे. त्याने तो घेतला की नाही हे मी विचारलेले नाही.